‘मेडनचा अल्बम पक्का’ असं मी सांगितलं आणि मित्राचे पैसे गेले, आता काय करू?

पत्र आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडच्या एका चाहत्याचं आहे, थोडं छोटं करून देतेय (ब्रूस त्यांचा गायक, निको ड्रमर, एडी म्हणजे त्यांच्या कव्हरवरचा भुतासारखा शुभंकर आणि ‘सेन्जुत्सु’ हा 2021 चा अल्बम):

ताई नमस्कार, मी कोल्हापूरचा, वय 43. तुम्ही स्वतः आयर्न मेडन ऐकता असं तुम्ही मागे एकदा लिहिलं होतं म्हणून तुम्हालाच लिहितोय, दुसऱ्या कोणाला हे सांगितलं तर म्हणतील याला दुसरे उद्योग नाहीत का. पॉलिटेक्निकला असताना 1999 ला माझ्या एका मित्राने मला ‘फिअर ऑफ द डार्क’ची कॅसेट दिली होती, तिथून हे सगळं सुरू झालं. 2007 ला मार्चमध्ये मेडन बंगलोरला पॅलेस ग्राउंड्सवर आले तेव्हा आम्ही दोघं मिरजेहून राणी चन्नम्माने गेलो होतो, जनरलच्या डब्यात, उभं राहून. तो आता पुण्यात असतो. आमचा सात जणांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे आणि गेली तीन-चार वर्षं त्यावर एकच विषय, पुढचा अल्बम कधी. त्याचं म्हणणं, निको गेला, संपलं, ‘सेन्जुत्सु’ हाच शेवटचा. माझं म्हणणं येणार, आणि मी गणित मांडलं होतं. 2000 पासूनचे अल्बम बघा, 2000, 2003, 2006, 2010, 2015, 2021, मधली अंतरं 3, 3, 4, 5, 6, म्हणजे पुढचं 7, म्हणजे 2028. या गणितावरून आमची बरीच भांडणं झालीत.

तर महिन्यापूर्वी मला एक स्क्रीनशॉट आला. अल्बमचं नाव, 11 गाणी, प्रत्येकाची लांबी सेकंदासकट, कव्हरवर एडी, सोबत दीड मिनिटाची क्लिप, आवाज हुबेहूब ब्रूसचा. आणि रिलीज 2028 च्याही आधी. मी तो तसाच्या तसा ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, ‘पक्की खबर, आतल्या माणसाकडून’. आतला माणूस वगैरे कोणी नव्हता ताई, एका अनोळखी नंबरवरून आलं होतं. त्या मेसेजच्या खाली व्हिनाइलच्या प्री-ऑर्डरची लिंक होती. मित्राने 9,400 रुपये भरले. चार दिवसांनी ती साइटच गायब. तो मला एवढंच म्हणाला की तू सांगितलंस म्हणून मी बघितलंच नाही, आणि ग्रुप सोडून गेला. तीन आठवडे झाले, फोन उचलत नाही.

अजून एक सांगतो जे कोणालाच सांगितलेलं नाही. त्या स्क्रीनशॉटवर निर्माता म्हणून मार्टिन बर्चचं नाव होतं. मला ते दिसलं होतं. मी मनात म्हटलं, श्रद्धांजली म्हणून टाकलं असेल.

मित्राचं काय करू? हे अंदाज बांधणं सोडून देऊ का, बायको म्हणते सोड. आणि शेवटचं, खरंच विचारतो, अल्बम येईल का हो?
– कॅसेटवाला, कोल्हापूर

अरे कॅसेटवाल्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या मार्टिन बर्चच्या ओळीवर थांबले. मेडनचा फॅन नसलेल्यांसाठी सांगते की हा माणूस 1981 च्या ‘किलर्स’पासून 1992 च्या ‘फिअर ऑफ द डार्क’पर्यंत त्यांच्या सगळ्या स्टुडिओ अल्बमचा निर्माता होता, त्यानंतर तो निवृत्त झाला आणि ऑगस्ट 2020 मध्ये वारला. 2000 पासून ते काम केव्हिन शर्ली बघतो, बँडचा बासिस्ट स्टीव्ह हॅरिस सोबत असतो. हे तुला माहीत नाही असं होऊच शकत नाही, कारण ज्या कॅसेटने तुझं सगळं सुरू झालं तिच्या आतल्या कागदावरसुद्धा हेच नाव आहे, मेडनसाठी त्याचं शेवटचं काम तेच. म्हणजे खोटेपणा तुझ्या डोळ्यासमोर, अगदी तुझ्या ओळखीच्या अक्षरात लिहिलेला होता आणि तू स्वतःच त्यासाठी एक कारण शोधून काढलंस.

हे मी तुला टोचून बोलायला सांगत नाहीये. तू हे लपवू शकला असतास, मला कधीच कळलं नसतं, तरी लिहिलंस, म्हणून मला वाटतं की तुझं आणि तुझ्या मित्राचं अजून जुळू शकतं. पण आधी हे बघू की तुला ते कारण शोधावंसं का वाटलं. तुझ्याच पत्रात आहे ते. तीन-चार वर्षं तुम्ही भांडताय, तो म्हणतो संपलं, तू म्हणतोस येणार, आणि मग एक दिवस तुझ्या हातात असं काहीतरी पडलं ज्याने तू जिंकणार होतास. ‘पक्की खबर’ हे शब्द तू ग्रुपसाठी लिहिले नाहीस, त्या एका माणसासाठी लिहिलेस. ‘आतल्या माणसाकडून’ हे तर पूर्ण तुझं स्वतःचं घातलेलं. नुसता स्क्रीनशॉट टाकून ‘हे बघा रे, खरं वाटतंय का’ असं विचारलं असतंस तर सातातल्या कोणीतरी दोन मिनिटांत बर्चचं नाव पकडलं असतं, बहुतेक त्यानेच पकडलं असतं, आणि तुम्ही सगळे हसून पुढे गेला असतात.

आता अंदाजांबद्दल, कारण हा तुझा दुसरा प्रश्न असला तरी मला वाटतं तो नीट समजला की पहिल्याचं उत्तर सोपं जाईल.

अंदाज बांधण्यात मला काहीच वाईट दिसत नाही, मी स्वतः कितीतरी वर्षं हेच करतेय. 2021 चा जून-जुलै आठवतोय का तुला? मला तर दिवस न् दिवस आठवतो. ब्रूस डिकिन्सन एका टीव्ही मुलाखतीत ब्रेक्झिटमुळे बँडना युरोपात टूर करायला किती त्रास होतोय त्यावर बोलत होता आणि अंगातल्या टीशर्टवर ‘बेलशाझर्स फीस्ट’ असं छापलेलं, त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये डाउनलोड फेस्टिव्हलला तसलीच पोस्टर लागली, तारीख 15 जुलै, आणि कुठेतरी चार अक्षरं, डब्ल्यू ओ टी डब्ल्यू. बँडकडून एक शब्द नाही. आणि फॅन लोकांनी बायबल उघडलं! दानीएलच्या पुस्तकात बाबेलच्या बेलशाझर राजाची मेजवानी आहे, त्यात एक हात येऊन भिंतीवर काहीतरी लिहितो आणि ते वाचायला दानीएलला बोलवतात. भिंतीवरचं लिखाण. राइटिंग ऑन द वॉल. चार अक्षरं जुळली. 15 जुलैला ‘द राइटिंग ऑन द वॉल’ हेच गाणं आलं, काही दिवसांत ‘सेन्जुत्सु’ जाहीर झाला आणि 3 सप्टेंबरला हातात. लॉकडाऊनमध्ये घरात बसलेली माझ्यासारखी बाई ते कोडं सुटताना बघून टाळ्या वाजवत होती, खरं सांगते, त्या दीड वर्षात तेवढा आनंद मला दुसऱ्या कशाने झाला नव्हता.

पण तो अंदाज कशावर उभा होता ते बघ ना. टीशर्ट ब्रूसच्या अंगात होता, पोस्टर भिंतीवर होतं, जे काही होतं ते बँडने स्वतः समोर ठेवलेलं होतं आणि कोणीही जाऊन तपासू शकत होतं. आणि तरी कोणी त्याला ‘पक्की खबर’ म्हणत नव्हतं, सगळे म्हणत होते ‘असं असेल का?’

आणि आता 2010. तेव्हा तर अंदाजाला आणखी पक्का आधार होता. स्टीव्ह हॅरिस आधी कधीतरी बोलून गेला होता की 15 स्टुडिओ अल्बम करायचे असं त्याच्या मनात आहे, आणि आला तो पंधरावा, नाव काय तर ‘द फायनल फ्रंटियर’. फायनल! सांगणारा माणूस साधासुधा नाही, बँड काढणारा स्वतः, आकडा बरोबर, नावात शेवट. मी माझ्या धाकट्या भावाला शपथेवर सांगितलं होतं की हा शेवटचा, यानंतर नाही. त्या अल्बमचं शेवटचं गाणं मी निरोप म्हणून ऐकायचे, रडायचे सुद्धा. पुढे काय झालं? 2015 ला ‘द बुक ऑफ सोल्स’, मेडनचा पहिला डबल स्टुडिओ अल्बम, दीड तासाच्या वर, आणि त्यात आर101 या गॅसवर तरंगणाऱ्या महाकाय एअरशिपच्या अपघातावर 18 मिनिटांचं गाणं, ब्रूसने लिहिलेलं, ब्रूस पियानोवर. शेवट झालेला बँड असलं काही करतो का! माझा अंदाज चुकला याचा मला जेवढा आनंद झाला तेवढा बरोबर आलेल्या एकाही अंदाजाचा झालेला नाही, आणि भावाने मला त्यावरून एकदाही चिडवलं नाही, कारण मी त्याला काही विकत घ्यायला लावलं नव्हतं, फक्त माझं मन सांगितलं होतं.

तिसरी गोष्ट ऐक, ही मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. ‘सेन्जुत्सु’ रेकॉर्ड झाला 2019 च्या सुरुवातीला, पॅरिसजवळच्या गियोम टेल स्टुडिओत, जिथे ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ आणि ‘बुक ऑफ सोल्स’ पण झाले. रेकॉर्डिंग करून ते परत ‘लेगसी ऑफ द बीस्ट’ टूरवर गेले, ती टूर बहुतांशी जुन्या गाण्यांची, मग कोविड आला, सगळं थांबलं, आणि तो पूर्ण अल्बम दोन वर्षांहून जास्त काळ नुसता पडून होता. त्या दोन वर्षांत तुम्ही ग्रुपवर काय बोलत होतात आठव. आम्ही पण बोलत होतो. कोणी म्हणायचं वय झालं त्यांचं, कोणी म्हणायचं फक्त जुनी गाणी वाजवतायत म्हणजे नवीन काही सुचत नाहीये, कोणी म्हणायचं पुढच्या वर्षी स्टुडिओत जातील. आणि अल्बम तयार होता रे! बरोबर कोणीच नव्हतं, ‘येणार नाही’ वालेही चुकीचे आणि ‘अजून करतील’ वालेही चुकीचे, कारण तो करून झाला होता. आपण इथे एकमेकांना मूर्ख ठरवत होतो आणि तो कुठल्यातरी कपाटात गपचूप बसला होता.

म्हणून आता कोणी मला म्हणालं की 2025 ची ‘रन फॉर युअर लाइव्ह्ज’ टूर पहिल्या नऊच अल्बमच्या गाण्यांची आहे म्हणजे बँडने दुकान बंद केलं, तर मी ते मान्य करत नाही. ‘लेगसी’च्या वेळी पण हेच दिसत होतं. पण म्हणून उलटं पण म्हणत नाही की बघा, म्हणजे नक्की गुपचूप रेकॉर्डिंग झालंय. जुन्या गाण्यांच्या टूरवरून नवीन अल्बमबद्दल काहीच कळत नाही, ना हो ना नाही.

तुझं 3, 3, 4, 5, 6 चं गणित मला आवडलं पण त्यात एक गोची आहे आणि ती मला तुला सांगायचीच आहे, कारण तुझ्या मित्रालाही ती आवडेल. तू रिलीजची वर्षं धरलीस. ‘बुक ऑफ सोल्स’चं काम 2014 च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये झालं होतं, पण मग ब्रूसला जिभेच्या मागच्या बाजूला कॅन्सर निघाला, फेब्रुवारी 2015 ला त्यांनी ते जाहीर केलं, उपचार झाले, मे महिन्यात तो बरा झाल्याची बातमी आली आणि अल्बम सप्टेंबरपर्यंत थांबला. ‘सेन्जुत्सु’ कोविडने थांबला. आणि ‘फायनल फ्रंटियर’ 2010 च्या सुरुवातीला बहामाजमध्ये कंपास पॉइंटला रेकॉर्ड झाला होता. म्हणजे रेकॉर्डिंगची वर्षं धर, 2010 ची सुरुवात, 2014 चा शेवट, 2019 ची सुरुवात. दोन्ही वेळा साधारण साडेचार-साडेचार वर्षं. अंतर वाढतच चाललं होतं असं नाही, ते स्टुडिओत जवळजवळ ठरल्यासारखे जात होते, बाहेर यायला आजारपण आणि महामारी आडवी आली. आणि तसं बघितलं तर पुढचं रेकॉर्डिंग 2023 च्या आसपास पडायला हवं होतं, पण ते वर्ष गेलं ‘फ्यूचर पास्ट’ टूरमध्ये, आणि 2024 चे शेवटचे चार महिने पण तिथेच, म्हणजे तेही गणित मोडलं. तू 2028 सोड, माझ्या गणितातूनही काही निघत नाही. माणसं आहेत ती, पावसाळा नाही की जूनमध्ये येणारच, आणि तो पण आता कुठे वेळेवर येतो.

तुझ्या मित्राचं निकोबद्दलचं म्हणणं मात्र असं सहज उडवून देऊ नकोस. निको मॅकब्रेन 1982 पासून होता, ‘पीस ऑफ माइंड’पासून एकही स्टुडिओ अल्बम त्याच्याशिवाय नाही. जानेवारी 2023 मध्ये त्याला स्ट्रोक आला, उजवी बाजू लुळी पडली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात सत्तरीचा हा माणूस परत स्टेजवर ड्रमच्या मागे बसला. मग 7 डिसेंबर 2024 ला साओ पाउलोला शेवटचा शो करून टूरमधून बाहेर पडला, आता टूरवर सायमन डॉसन वाजवतो, स्टीव्हच्या ब्रिटिश लायन या दुसऱ्या बँडमधला. निकोने टूर सोडली, मेडनच्या घरातून तो गेलेला नाही असं तेव्हा सांगितलं गेलं. म्हणजे पुढच्या अल्बमवर ड्रम कोण वाजवेल हा खरा प्रश्न आहे आणि त्यावर तुम्ही दोघं रात्रभर बोलू शकता. पण मला वाटतं तुझा मित्र जेव्हा ‘संपलं’ म्हणतो तेव्हा तो अंदाज सांगत नसतो, त्याला वाईट वाटतंय. आपल्या विशीत जी माणसं स्टेजवर उड्या मारत होती ती सत्तरीला टेकली, जुना गायक पॉल डिॲनो ऑक्टोबर 2024 मध्ये गेला, जुना ड्रमर क्लाइव्ह बर 2013 लाच गेला. तू त्याला आकडे देत होतास आणि तो तुला त्याचं दुःख सांगत होता. तुझ्या पत्रात त्याचं एकच वाक्य तू जसंच्या तसं दिलंयस, ‘तू सांगितलंस म्हणून मी बघितलंच नाही’, आणि त्याच्या आधीच्या तीन-चार वर्षांतलं त्याचं एकही वाक्य नाही, फक्त निष्कर्ष आहे, निको गेला संपलं. त्याने तसं का म्हटलं हे कधी विचारलंस का?

आणि गंमत बघ, ज्याला वाटत होतं संपलं, त्यानेच सगळ्यात आधी पैसे भरले. त्याला पण हवाच होता अल्बम. तुझ्याइतकाच, कदाचित जास्त.

तर आता काय करायचं. फोन करणं थांबव. तीन आठवडे जो माणूस फोन उचलत नाही त्याला एकविसाव्या वेळी मिस्ड कॉल दिसला तर तो अजून चिडतो. ग्रुपवर त्याच्याबद्दल काही लिहू नकोस, बाकीच्या पाचांना मध्यस्थी करायला लावू नकोस, मेसेजमध्ये लांबलचक माफी तर अजिबात लिहू नकोस. कोल्हापूरहून स्वारगेटची एसटी धर आणि त्याच्या घरी जा. आदल्या दिवशी एकच मेसेज टाक, ‘रविवारी येतोय, दहा मिनिटं दे, नको असेल तर सांग’. नको म्हणाला तर जाऊ नकोस, महिनाभर थांब आणि परत विचार. काहीच उत्तर नाही आलं तर जा.

तिथे गेल्यावर पहिलं वाक्य बर्चचं. ‘मला तेव्हाच दिसलं होतं आणि मी गप्प बसलो.’ हे सांगणं सगळ्यात जड जाणार आहे आणि हेच सांगायला तू तिथे जाणार आहेस. तुला वाटेल की हे सांगितलं तर तो जास्तच चिडेल, आणि हो, चिडेल. पण आत्ता तो ज्या गोष्टीवर चिडलाय ती म्हणजे आपण मूर्खासारखे फसलो, आणि ती लाज त्याला एकट्याला घेऊन बसावी लागतेय. तुला माहीत होतं हे कळलं की निदान एवढं तरी कळेल की त्याच्या डोक्यात काही कमी नव्हतं, त्याने तुझ्यावर विश्वास ठेवला आणि तू तो नीट सांभाळला नाहीस. आतला माणूस कोणी नव्हता हे पण सांग. त्यानंतर कारणं देऊ नकोस, क्लिपमधला आवाज किती हुबेहूब होता वगैरे. आवाज हुबेहूब असतोच आता, एआयने कोणाचाही आवाज काढता येतो, म्हणूनच तर बाकीचं बघायचं असतं.

पैशाचं माझं मत स्पष्ट आहे, पूर्ण 9,400 दे. अर्धे नाही. लिंक त्या चोराची होती पण ती त्याच्यापर्यंत तुझ्या नावावर आली, आणि तुझं नाव होतं म्हणून त्याने बघितलं नाही हे तो स्वतः म्हणालाय. पण न विचारता त्याच्या खात्यावर टाकून देऊ नकोस, मी असं झालेलं बघितलंय, समोरच्याला वाटतं की हिशोब मिटवून मोकळा झाला. समोर बसून विचार, ‘मला ते द्यायचेत, घेशील का’. नाही म्हणाला तर एकदाच आग्रह कर, दुसऱ्यांदा नको. रक्कम तुला एकदम जड जात असेल तर तसं सांग आणि दोन हप्त्यांत दे, त्यात काही कमीपणा नाही.

ग्रुपवरचा तो मेसेज तू डिलीट केलास का ते लिहिलेलं नाहीस. केला असशील तर बाकीच्यांना काय झालं ते कळायला पाहिजे, नसेल केला तर लिंक अजून तिथेच आहे आणि तिथून ती किती ग्रुपवर गेली असेल देव जाणे. आजच लिही, साधं, ‘मी टाकलेला ट्रॅकलिस्ट आणि क्लिप खोटी होती, आतला माणूस कोणी नव्हता, ते मी बनवून सांगितलं, कोणी पुढे पाठवलं असेल तर तिथेही सांगा, लिंक उघडू नका’. यात मित्राचं किंवा त्याच्या पैशाचं नाव काढू नकोस, ते त्याने सांगायचं की नाही हे तो ठरवेल.

अंदाज सोडू नकोस. बायको म्हणते सोड, तिचं मी समजू शकते, तिने तुला तीन आठवडे तोंड पाडून फिरताना बघितलंय. तिला हे पत्र आणि माझं उत्तर दोन्ही दाखव. पण मेडनच्या फॅननी अंदाज बांधायचे नाहीत तर करायचं काय रे! ‘अलेक्झांडर द ग्रेट’चं काय झालं आठव. 1986 चं गाणं, ‘समव्हेअर इन टाइम’मधलं, कधीच लाइव्ह वाजवलं नाही, प्रत्येक टूरच्या आधी लोक म्हणायचे या वेळी वाजवतील, या वेळी नक्की, आणि नाही वाजवायचे, आणि मग 28 मे 2023 ला ल्युब्लियानात टूरच्या पहिल्याच शोला वाजवलं. 37 वर्षांनी! त्या गर्दीत असे लोक असणार जे पोरसवदा असल्यापासून वाट बघत होते आणि दर वेळी चुकत होते. मी तिथे नव्हते, मोबाईलवर थरथरणारा व्हिडिओ बघितला आणि सुरुवातीचे सूर ओळखू आल्यावर लोक जे ओरडले ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. ते ओरडणं एवढ्या वर्षांच्या चुकलेल्या अंदाजांचं होतं.

फक्त एक सवय लावून घे, ग्रुपवर काही टाकायच्या आधी स्वतःला विचार की हे मला कुठून कळलं, आणि ते तसंच्या तसं वर लिही. ‘अनोळखी नंबरवरून आलंय’ असं लिहायची लाज वाटत असेल तर ते पाठवायचंच नाही. आणि जी गोष्ट आपल्याला हवीच आहे तीच जेव्हा समोर येते, नेमकी आपल्याच बाजूची, नेमकी आपल्याच तारखेच्या आत, तेव्हा बर्च शोधायचा. कुठेतरी असतोच.

तिसरा प्रश्न, येईल का. तू खरंच विचारलंयस म्हणून मी पण खरंच सांगते. मला वाटतं येईल. माझ्याकडे कुठलीही बातमी नाही, मी फक्त स्टीव्ह हॅरिसकडे बघून म्हणतेय. ‘सेन्जुत्सु’ची शेवटची तीन गाणी घे, तिन्ही दहा मिनिटांच्या वर, तिन्ही त्याने एकट्याने लिहिलेली. साठी ओलांडलेला माणूस, ज्याला आता कोणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही, तो अल्बमच्या शेवटी अर्ध्या तासाहून जास्त संगीत एकटा लिहून ठेवतो, अशा माणसाच्या डोक्यात गाणी संपली असतील हे मला पटत नाही. 1 फेब्रुवारी 2008 ला बीकेसीच्या मैदानात मी ऑफिसची पर्स तशीच खांद्याला लावून उभी होते, स्पीकरवर चर्चिलचं जुनं भाषण सुरू झालं आणि मग ‘एसेस हाय’ या गाण्याला तो एक पाय मॉनिटरवर ठेवून बास बंदुकीसारखा लोकांवर रोखून धावत आला, त्या दिवसापासून मी या माणसाच्या बाबतीत ‘संपलं’ हा शब्द वापरायचं सोडलं होतं, 2010 ला एकदा घसरले तेवढंच. वर्ष मी सांगणार नाही. निको त्यावर असावा असं मला मनापासून वाटतं, निदान एका गाण्यावर तरी. हा अंदाज आहे, माझा स्वतःचा, आणि चुकला तर चुकला.

हे तू त्याला सांग हवं तर, पण पहिल्या भेटीत नको. पहिल्या भेटीत त्याला बोलू दे, निकोबद्दल, बंगलोरबद्दल, ज्याबद्दल बोलेल त्याबद्दल.

अजून एक काम आहे, त्याने सायबर फसवणुकीची तक्रार केली असेल असं मला वाटत नाही, लाजेपोटी लोक करतच नाहीत. 1930 हा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर पण तक्रार नोंदवता येते. खरं तर पैसे गेल्या गेल्या पहिल्या काही तासांत केलं तर रक्कम अडवायची शक्यता जास्त असते, आता उशीर झालाय, पैसे परत येतीलच असं मी म्हणणार नाही, पण तक्रार करा, त्या खात्यावर आणखी लोकांच्या तक्रारी असतील तर एकत्र उपयोग होतो, आणि त्याच्या बँकेला पण लेखी कळवा. व्यवहाराचा नंबर, तारीख, वेळ, तुझ्या फोनमधला तो मूळ मेसेज आणि ज्या नंबरवरून आला तो, हे सगळं लागेल, म्हणून ग्रुपवरून काढलास तरी तुझ्याकडचा मूळ मेसेज उडवू नकोस. त्याच्या शेजारी बसून तो फॉर्म तू भर, आणि तक्रारीचा जो नंबर मिळेल तो त्याच्या आणि तुझ्या, दोघांच्या फोनमध्ये सेव्ह करून मगच परतीची एसटी पकड.

– ताई